मर्सी रूल म्हणजे काय?

सामना पूर्ण एकतर्फी झाला की तो वेळेआधीच संपवण्याची तरतूद म्हणजे मर्सी रूल. अमेरिकेत मुलांच्या लिटल लीग बेसबॉलमध्ये चार डावांनंतर एखादा संघ १० धावांनी पुढे असेल, तर खेळ तिथेच थांबतो.

क्रिकेटच्या नियमांत अशी सोय नाही. डाव कधी घोषित करायचा, हे फलंदाजी करणाऱ्या संघाचा कर्णधार ठरवतो. (शाळेच्या संघात बहुतेकदा प्रशिक्षकच!) जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला भंडारी चषकात प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ पासूनचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला, जगभर बातमी झाली. त्याच्या शाळेने डाव सोडला १४६५ वर. समोरच्या मुलांनी दोन डावांत मिळून काढल्या ८३. या दुसऱ्या आकड्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

षटकं मर्यादित ठेवली तरी प्रश्न सुटत नाही. २०१९ मध्ये मुंबईच्या हॅरिस शील्ड स्पर्धेत एका शाळेने ७६१ धावा केल्या आणि दुसरी शाळा ७ धावांत बाद झाली. त्या सातही धावा अवांतर होत्या, म्हणजे एकाही मुलाच्या नावावर एक धावसुद्धा नाही. षटकांच्या मर्यादेने वेळ वाचतो, दोन संघांतलं अंतर तेवढंच राहतं.

इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या अनेक मुलांच्या स्पर्धांत दुसरा मार्ग आहे. ठरावीक धावा किंवा चेंडू झाले की फलंदाज नाबाद परततो आणि बॅट पुढच्या मुलाच्या हाती जाते.