पूर्णा : हद्दीच्या पलीकडचं गाव

डिसेंबर 1774. तुम्ही भिवंडीजवळच्या पूर्णा गावच्या बांधावर उभे आहात. भात कापून झालंय, खाजणावरून खारा वारा येतोय. खाडीपलीकडून तोफांचे आवाज येतात. इंग्रज ठाण्याचा किल्ला घेताहेत. शेजारच्या अंजूरच्या गंगाजी नाईकांनी पोर्तुगीजांच्या जाचाविरुद्ध पेशव्यांकडे दाद मागितली, 1739 मध्ये वसई मराठ्यांकडे आली, याला जेमतेम एक पिढी झाली. आता ठाण्यासह साष्टी बेट पुन्हा हातचं जातं. 1782 च्या साळबाईच्या तहाने ते इंग्रजांकडेच राहतं, कल्याण-भिवंडीचा मुलूख मराठ्यांकडे. 1817 पर्यंत ही खाडी दोन राज्यांची हद्द असते.

थोडे पुढे या. 1 एप्रिल 1957, कृषक दिन. कुळकायद्याने कसणारा मालक ठरतो. ज्या आगरी घरांनी पिढ्यान् पिढ्या भाताचा खंड भरला, त्यांची नावं आता सातबाऱ्यावर मालक म्हणून चढतात. तुकडे लहान, हिस्सेदार अनेक. बांधाबांधावरून चालत जा आणि ही आखणी नीट पाहून ठेवा.

आता नव्वदच्या दशकात या. मुंबईत शिरणाऱ्या मालावर महापालिका जकात घेते. नाक्यावर ट्रकांची रांग असते आणि पैसे रोख मोजावे लागतात. व्यापाऱ्याचा हिशोब सोपा आहे : माल हद्दीबाहेर साठवायचा, विकला जाईल तेवढाच आत न्यायचा. जुना आग्रा रोड पूर्ण्यातूनच जातो, कशेळीचा पूल ओलांडला की ठाणे. इथे कारभार ग्रामपंचायतीचा, जकात नाही, जमीन स्वस्त. तुमच्या डोळ्यांदेखत खाचरात मुरूम पडतो, पत्रे चढतात, गाळ्याला गाळा लागतो. मघाशी पाहिलेले बांध आठवा. एका कुटुंबाचा तुकडा, तेवढंच एक कंपाउंड. दोन कंपाउंडांमध्ये बोळ उरतो, त्यात कंटेनर वळत नाही. पावसाचं पाणी वाहून नेणारे ओहोळ भरावाखाली जातात. रस्ता, गटार, अग्निशमन यांचा विचार कोणी केलेला नसतो.

पूर्णा आणि आसपासच्या गावांच्या नियोजनाची जबाबदारी एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) येते 2007 मध्ये. तोवर नकाशा जमिनीवर उमटून गेलेला असतो, बराचसा परवानगीविना.

1 जुलै 2017 च्या सकाळी उभे राहा. जीएसटी लागू झालाय, मुंबईची जकात संपलीय. ज्या कारणाने गोदामं आली तेच गेलं, मग ती ओस पडायला हवीत. पण आंतरराज्य विक्रीवरचा केंद्रीय विक्रीकरही गेलाय, म्हणून कंपन्यांना दर राज्यात गोदाम ठेवण्याची गरज उरत नाही. त्या मोजकी, मोठी गोदामं शोधतात आणि न्हावाशेवा, नाशिक, गुजरात या तिन्हींचे रस्ते भिवंडीला जवळ पडतात. पत्र्याच्या गाळ्यांशेजारी उंच छपरांची, ई-कॉमर्सची प्रचंड गोदामं उभी राहतात. मुंबईकराने रात्री मोबाईलवर मागवलेली वस्तू इथल्या हमालाच्या खांद्यावरून निघते.

आज डोक्यावर मेट्रो 5 चे खांब आहेत. 2018 मध्ये भूमिपूजन झालेल्या ठाणे-भिवंडी-कल्याण मार्गावर पूर्णा नावाचं स्थानक आहे. म्हणजे जमिनीचे भाव पुन्हा बदलणार, आणि जमिनीचा वापरही.

तह साळबाईला झाला, जकात मुंबईत ठरली, जीएसटी दिल्लीत. पूर्ण्याचा आकार दर वेळी दुसरीकडेच ठरला आणि चिखल, कोंडी, आगीची भीती मात्र इथल्यांच्या वाट्याला आली. कर बदलला की व्यापारी जागा बदलतो. गावकऱ्याला ते शक्य नसतं. म्हणून स्थानकाभोवतीचा आराखडा कागदावर पक्का होण्याआधी तो ग्रामसभेत मराठीत वाचला गेला पाहिजे. ओहोळ कुठून वाहायचे आणि बंबाला वाट कुठून ठेवायची, हे इथला म्हातारा शेतकरी कुठल्याही सल्लागारापेक्षा नेमकं सांगेल. पूर्णेकरांनो, या वेळी हरकती नोंदवायची मुदत चुकवू नका.