हाली चालत नाही

सप्टेंबर १९४८. ऐन गणपतीत मैंदर्गीची पेठ ओस पडलीय. सरहद्द इथून काही कोसांवर, पलीकडे निजामाचा गुलबर्गा जिल्हा. हिंदुस्थान सरकारनं तिकडे जाणारा माल अडवलाय, त्यामुळे तिकडची गिऱ्हाइकं बंद. घासलेट, मीठ, कापड रात्री चोरवाटेनं जातं म्हणे. विचारलं तर कुणाला काही ठाऊक नसतं.

तुम्ही शेंगतेल मोजून घेता आणि रुपया पुढे करता. दुकानदार तो उलटा करतो. चारमिनार दिसताच परत देतो.

"अण्णा, हाली नको. कलदार असंल तर द्या."

निजामाच्या सात हालींचे हिंदुस्थानचे सहा कलदार, हा हिशोब इथलं शेंबडं पोरही तोंडी करायचं. आता खिशात निजामाचा रुपया सापडला तरी लोक टकमका बघतात.

तुमची बहीण सरहद्दीपलीकडे आळंदला दिलेली. पंचमीला तिला आणायला कुणी गेलं नाही. २२ मेला गाणगापूर स्टेशनात निजामाच्या पाठीराख्या रझाकारांनी मुंबई-मद्रास मेलवर हल्ला केला, तेव्हापासून दत्तदर्शनाचंही नाव घरात निघत नाही. आई भाकरी थापता थापता कानडीत देवाला काहीबाही बोलते. मराठीतलं गाऱ्हाणं शेजाऱ्यांसाठी, कानडीतलं देवासाठी, अशी तिची वाटणी आहे.

सोमवारी, १३ तारखेला, सोलापूरहून फौज नळदुर्गच्या रस्त्यानं निजामाच्या हद्दीत शिरते. तुमच्यापर्यंत पोचते ती नुसती बातमी, तीही प्रत्येक कट्ट्यावर वेगळी. रब्बीची पेरणी तोंडावर आलीय, पण सरहद्दीकडच्या रानात बैल न्यायला गडी तयार नाही. शुक्रवारी संध्याकाळी निजाम शस्त्रं खाली ठेवतो. पेठेत गुलाल उडतो. सरकार याला 'पोलीस कारवाई' म्हणतं. रणगाडे घेऊन फिरणारे पोलीस तुम्ही तरी कधी पाहिले होते?

पुढच्या आठवड्यात बहिणीचा निरोप येतो: आम्ही सुखरूप. शेजारचा मणेर मात्र बायकापोरांसह रातोरात निघून गेला, कुठं ते माहीत नाही. आई म्हणते, "त्यानंच की लग्नात तिला चुडा भरला होता." वडील विषय बदलतात.

वर्ष सरायच्या आत पंडित सुंदरलाल यांची समिती या मुलखात फिरेल. रझाकारांच्या अत्याचारांनंतर मुसलमानांवर उगवलेल्या सुडात किमान २७ ते ४० हजार माणसं मेली, असा तिचा अंदाज असेल. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत गुलबर्ग्याचं नाव असेल, आणि तो अहवाल दिल्लीत कित्येक दशकं दाबून ठेवला जाईल.