चौकटीत न मावणारा नेमो

१५ ऑक्टोबर १९०५ च्या रविवारी ‘न्यूयॉर्क हेरल्ड’च्या रंगीत पुरवणीत ‘लिटल नेमो इन स्लंबरलँड’ पहिल्यांदा छापून आलं. अख्खं पान एकाच चित्रकथेला दिलेलं. निद्रानगरीच्या राजाला मुलीसाठी खेळगडी हवा असतो, म्हणून तो नेमोला बोलावणं धाडतो. नेमो निघतो, वाटेत काहीतरी अघटित घडतं आणि शेवटच्या चौकटीत तो जागा होतो, बऱ्याचदा पलंगावरून खाली पडलेला. दर आठवड्याला हाच शेवट असूनही मालिका ‘हेरल्ड’मध्ये १९११ पर्यंत चालली.

ती काढणारा विन्सर मॅके तरुणपणी सिनसिनाटीत करमणुकीच्या एका म्युझियमसाठी पोस्टरं रंगवायचा. नजरेला धरून ठेवणारं चित्र कसं काढायचं, हे तो तिथे शिकला असणार. पण नेमोच्या पानांत त्याने त्यापुढची गोष्ट साधली. दुसऱ्याच भागात नेमो अळंब्यांच्या रानात शिरतो. अळंबी उंच होत जातात, तशा चौकटीही उंच होत जातात. २६ जुलै १९०८ च्या पानावर पलंगाला लांबच लांब पाय फुटतात आणि तो शहरातल्या इमारती ओलांडत चालू लागतो. चौकटी एकापाठोपाठ बघत गेलं, की पलंगाची ढांग डोळ्यांसमोर पडते. ही पानं मी जितक्यांदा बघतो, तितक्यांदा वाटतं, या माणसाला कॅमेरा मिळण्याआधीच हालचाल वश झाली होती.

पुढचं निमित्त घरातच मिळालं. मॅकेचा मुलगा रॉबर्ट, ज्याच्यावरून नेमोचा चेहरा बेतला होता, पानं झरझर सोडली की चित्र हलतं अशा छोट्या वह्या घरी आणायचा. आपली चित्रं पडद्यावर हलवायची कल्पना त्यांवरूनच सुचली, असं मॅके सांगत असे. त्याने राइस पेपरवर सुमारे ४,००० चित्रं काढली. व्हायटाग्राफ कंपनीत त्यांचं चित्रीकरण झालं, माणसांच्या अभिनयाचा भाग जे. स्टुअर्ट ब्लॅकटनने दिग्दर्शित केला आणि एप्रिल १९११ मध्ये फिल्म लोकांपुढे आली. तिचा बराचसा वेळ मॅकेची मित्रांशी लागलेली पैज, कागदांचे गठ्ठे आणि शाईची पिंपं यांतच जातो. पैज लावणाऱ्यांत ‘ब्रिंगिंग अप फादर’ पुढे काढणारा जॉर्ज मॅकमॅनसही पडद्यावर दिसतो. चित्रं हलतात ती शेवटची काही मिनिटं. मॅकेने त्या भागाच्या चौकटी हाताने रंगवल्या होत्या.

आणि त्या मिनिटांत कथा नाहीच. मालिकेतली पात्रं येतात: सिगार ओढणारा फ्लिप आणि इम्पी. नेमो हात वर-खाली करतो, तसे ते दोघे लांबतात, आखूड होतात. नेमो राजकन्येचं चित्र काढतो, ते जिवंत होतं आणि दोघं ड्रॅगनच्या जबड्यातल्या आसनावर बसून निघून जातात. मागे ना महाल, ना रस्ता, नुसता कोरा कागद. वर्तमानपत्रातली ती भव्य वास्तुरचना पडद्यावर उतरली नाही, कारण पार्श्वभूमीही दर चित्रात नव्याने काढावी लागली असती. इम्पी मात्र काळ्या माणसाच्या त्या काळच्या वंशद्वेषी साच्यासकट जसाच्या तसा आला, आणि तो बघताना आज मन खट्टू होतं. तरीही ही फिल्म मला नेमोचं खरं रूपांतर वाटते. मॅकेने आपल्या पानातून गोष्ट उचलली नाही, तिच्या मुळाशी असलेली हालचाल तेवढी उचलली.

ती फिल्म तो व्हॉडव्हिलच्या, म्हणजे विविध करमणुकीच्या, रंगमंचावर आपल्या खेळात दाखवत असे. त्याच वर्षी तो वृत्तपत्रमालक हर्स्टच्या वर्तमानपत्रांत गेला. १९१४ मध्ये ‘गर्टी द डायनोसॉर’ आली. तिची पार्श्वभूमी प्रत्येक कागदावर पुन्हा काढण्यासाठी त्याने एक मदतनीस ठेवला होता. हर्स्टला मात्र तो संपादकीय पानाच्या चित्रांसाठी हवा होता. त्याच सुमारास अर्ल हर्डने पारदर्शक सेल्युलॉइडवर फक्त हलणारा भाग काढायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. पार्श्वभूमी एकदाच काढून भागू लागलं आणि अ‍ॅनिमेशन हे एकट्या माणसाचं काम न राहता कारखान्याचं झालं. मॅकेनेही १९१८ च्या ‘द सिंकिंग ऑफ द लुसिटानिया’साठी सेल्युलॉइड वापरलं.

नेमो पूर्ण लांबीच्या चित्रपटात आला तो १९८९ मध्ये, जपानच्या टोकियो मूव्ही शिन्शाकडून. त्यात दुःस्वप्नांचा राजा आहे, अपहरण आहे, सुटका आहे. नेमोला या कथानकाची गरज नव्हती. पण सुरुवातीला त्याचा पलंग उडत निघतो, तेवढा वेळ हा चित्रपट मॅकेचा आहे.