ठोके सुधारले, माणसं गेली

हार्ट अटॅकमधून वाचलेल्या माणसाच्या ईसीजीत कधीकधी मध्येच जादा ठोके दिसतात. असे ठोके वारंवार पडणाऱ्यांना अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो, हे डॉक्टरांना माहीत होतं. त्यावरून काढलेला तर्क सोपा होता: जादा ठोके दाबा, माणूस वाचेल. एन्केनाइड हे औषध ठोके दाबण्यात पटाईत होतं. १९८६च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

माणूस खरंच वाचतो का, हे तपासायला तिथे १९८७ साली ‘कास्ट’ ही चाचणी सुरू झाली. आधी प्रत्येकाला औषध देऊन बघितलं. ज्यांचे ठोके कमी झाले, त्यांनाच पुढे घेतलं. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली. गरजू रुग्णाला अशी पोकळ गोळी देणं अनैतिक आहे, असं तेव्हा अनेक डॉक्टरांना वाटत होतं.

एप्रिल १९८९मध्ये एन्केनाइड आणि त्याचं भावंड फ्लेकेनाइड, दोन्हींची चाचणी मध्येच थांबवावी लागली. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते. पोकळ गोळीवाल्या ७४३ पैकी २६.

असं का झालं? ही औषधं हृदयातल्या विजेच्या सिग्नलचा वेग कमी करतात. अटॅकनंतर हृदयात जखमेचा व्रण राहतो. मंदावलेला सिग्नल त्या व्रणाभोवती गोल फिरत अडकू शकतो, आणि हृदय रक्त फेकायचंच थांबतं.

कंपनीने १९९१मध्ये एन्केनाइड बाजारातून काढलं. फ्लेकेनाइड आजही मिळतं, पण अटॅक येऊन गेलेल्यांना ते देत नाहीत.

मला अस्वस्थ करते ती वेगळीच गोष्ट. चाचणी झाली नसती तर हे कुठल्याही एका डॉक्टरच्या लक्षात येणं जवळपास अशक्य होतं. रुग्णाचा ईसीजी सुधारलेला. तो गेला तर ‘हृदयच कमजोर होतं’ असंच कुणीही म्हणेल. मी नागपुरात बसून ॲप बनवतो. बटणाचा रंग बदलायचा असला तरी आम्ही आधी निम्म्या लोकांना जुनंच बटण दाखवतो, आणि त्यात कुणाचा जीव जात नाही. इथे औषध जीव घेतंय हे कळलं, ते ७४३ जणांनी पोकळ गोळी घेतली म्हणून.

आज मनगटावरचं घड्याळही ठोके मोजतं. आकडा सुधारला की बरं वाटतं. तेव्हा डॉक्टरांनाही वाटलं होतं.