जठर की आतडे? स्थूलतेवरील शस्त्रक्रियांच्या निवडीचा इतिहास

१९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या क्रेमेन, लिनर आणि नेल्सन या संशोधकांनी कुत्र्यांवरील प्रयोगांचा एक निबंध प्रसिद्ध केला. लहान आतड्याचा वरचा भाग गमावला तर पोषणावर काय परिणाम होतो आणि खालचा भाग गमावला तर काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. खालचा भाग गमावलेल्या कुत्र्यांना स्निग्ध पदार्थ पचेनासे झाले आणि त्यांचे वजन झपाट्याने उतरले. निबंधावरील चर्चेत एका रुग्णाचाही उल्लेख आला. वजन कमी व्हावे या एकाच हेतूने त्याच्या आतड्याचा मोठा भाग वाटेतून वगळण्यात आला होता.

त्याआधी दोन वर्षे, १९५२ मध्ये, स्वीडनमधील व्हिक्टर हेन्रिक्सन यांनी एका स्थूल रुग्णाच्या लहान आतड्याचा काही भाग कापूनच टाकला होता. परंतु ज्याला आज बॅरियाट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात (‘बॅरोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ वजन), तिची परंपरा मिनेसोटापासून मोजण्याची प्रथा आहे. स्थूलता हा पचनसंस्थेचा रोग नसूनही पचनसंस्थाच का कापायची, याचे उत्तर त्या काळी सरळ वाटत होते. शरीरात अन्न कमी शोषले गेले तर माणूस बारीक होणारच. या साध्या गणिताची किंमत पुढची पंचवीस वर्षे रुग्णांनी मोजली.

लॉस एंजेलिसमधील जे. हॉवर्ड पेन आणि त्यांचे सहकारी यांनी हे गणित टोकाला नेले. लहान आतड्याचा आरंभीचा तुकडा त्यांनी थेट मोठ्या आतड्याला जोडला. वजन उतरल्यावर दुसरी शस्त्रक्रिया करून वाट पूर्ववत करायची, अशी त्यांची योजना होती. १९६३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष दुहेरी निराशेचे होते. अनावर अतिसार, क्षारांचे असंतुलन आणि यकृताची हानी यांमुळे रुग्ण खंगले, आणि वाट पूर्ववत केल्यावर गेलेले वजन परत आले.

पेन यांनी योजना सोडली नाही, ती सौम्य केली. १९६९ मध्ये त्यांनी आणि डीविंड यांनी मांडलेली रचना ‘चौदा आणि चार’ या आकड्यांनी ओळखली गेली. लहान आतड्याचे वरचे चौदा इंच शेवटच्या चार इंचांना जोडायचे आणि मधला सगळा भाग पोटातच, पण वाटेबाहेर ठेवायचा. जवळजवळ सहा मीटर लांबीच्या मार्गातून अन्नासाठी उरत असे सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर. हीच ‘जेजुनो-इलियल बायपास’ शस्त्रक्रिया.

ती लोकप्रिय झाली, आणि त्यात नवल नाही. वजन खरोखर उतरत असे, रुग्णाला आहार आवरावा लागत नसे आणि तंत्र शल्यचिकित्सकांच्या हातचे होते. दोष मात्र सावकाश उघडे पडले. वाटेबाहेर पडलेल्या निर्जन आतड्यात जीवाणू माजत. शोषण न झालेल्या स्निग्धांशामुळे ऑक्सलेट शरीरात अधिक शिरे आणि मूतखडे होत. सांधे सुजत, जीवनसत्त्वे कमी पडत, आणि काही रुग्णांचे यकृत निकामी होऊन ते दगावले. पहिल्या वर्षाच्या तक्त्यात यांपैकी फार थोडे दिसत होते. पाचव्या-दहाव्या वर्षी ते दिसू लागले तेव्हा हजारो माणसे त्या रचनेसह जगत होती, आणि अनेकांना ती उलटवून घेण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले.

दुसरा विचार आयोवा विद्यापीठात आकार घेत होता. एडवर्ड मेसन हे पोटाच्या व्रणांवर शस्त्रक्रिया करणारे शल्यचिकित्सक. त्या काळी व्रणावरचा रूढ उपाय म्हणजे जठराचा मोठा भाग काढणे. अशा रुग्णांचे वजन नंतर वाढता वाढत नाही, ही तक्रार सर्वांच्या परिचयाची होती. मेसन यांनी त्या तक्रारीत उपचार पाहिला. १९६६ साली त्यांनी जठर आडवे विभागून वरचा लहान कप्पा थेट लहान आतड्याच्या वळशाला जोडला आणि १९६७ मध्ये चिकाशी इटो यांच्यासह ती पद्धत प्रसिद्ध केली. ‘गॅस्ट्रिक बायपास’चा जन्म तो. जठराचा उरलेला भाग काढला जात नव्हता, फक्त अन्नाच्या वाटेतून बाजूला होत होता.

आता निवडीचा प्रश्न प्रथमच खऱ्या अर्थाने उभा राहिला: वाट छोटी करायची की दार? अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात वॉर्ड ग्रिफेन आणि सहकाऱ्यांनी या दोन्ही शस्त्रक्रिया समोरासमोर ठेवून १९७७ मध्ये तुलना प्रसिद्ध केली. वर्षाअखेर वजनातील घट दोन्हीकडे जवळपास सारखी होती. उपद्रव मात्र आतड्याच्या बायपासमध्ये स्पष्टपणे अधिक होते. वजनकाट्यावर विसंबले असते तर दोन्ही पद्धती समान ठरल्या असत्या. फरक दिसला तो यकृतात.

ग्रिफेन यांनी मेसन यांच्या रचनेत एक महत्त्वाचा बदलही केला. आतड्याचा वळसा जठराला जोडल्यामुळे पित्त उलटे वर चढत असे. त्याऐवजी त्यांनी लोझान येथील स्विस शल्यचिकित्सक सेझार रू यांची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची जोडणी वापरली. इंग्रजी वाय अक्षराच्या एका फांदीतून अन्न येते, दुसरीतून पित्त, आणि खाली दोन्ही एकत्र होतात. आजचा बायपास ‘रू-एन-वाय’ म्हणून ओळखला जातो तो यामुळे.

येथे इतिहासाला एक विलक्षण वळण आहे. बायपासचे जनक मेसन स्वतः बायपासपासून दूर गेले. पचनाची नैसर्गिक वाट वगळली की लोह, कॅल्शियम यांचे शोषण घटते, ही चिंता त्यांना होती. त्यांनी १९८० च्या सुमारास निराळा मार्ग घेतला. जठराला उभी टाक्यांची रेघ मारून अन्ननलिकेखाली एक अरुंद कप्पा तयार करायचा आणि त्याच्या तोंडाभोवती न ताणणारी पट्टी बसवायची. आतडे जसेच्या तसे. या ‘व्हर्टिकल बँडेड गॅस्ट्रोप्लास्टी’त शरीराची मूळ रचना सर्वांत कमी मोडत होती, आणि ऐंशीच्या दशकात तिचा बोलबाला झाला.

ती हरली ती आइस्क्रीमपुढे. हे वाक्य थट्टेचे वाटेल, पण १९८७ साली व्हर्जिनियातील हार्वे शुगरमन यांच्या चमूने प्रसिद्ध केलेल्या चाचणीचा गाभा तोच आहे. गोड खाण्याची सवय असलेल्या रुग्णांचे वजन बायपासनंतर चांगले उतरले, गॅस्ट्रोप्लास्टीनंतर नाही. अरुंद तोंड भाकरीच्या घासाला अडवते, वितळलेल्या साखरेला अडवत नाही. बायपासनंतर मात्र साखर थेट आतड्यात पडते, घाम फुटतो, छाती धडधडते, आणि रुग्ण गोडापासून आपोआप दूर राहतो. एरवी जो उपद्रव मानला जाई त्या ‘डंपिंग’ला शल्यचिकित्सक आता पहारेकरी समजू लागले. गोड खाणाऱ्याला एक शस्त्रक्रिया आणि न खाणाऱ्याला दुसरी, अशी विभागणीही काही काळ चालली. रुग्णाच्या सवयींवरून शस्त्रक्रिया ठरवण्याचा तो आरंभीचा प्रयत्न होता. पुढे तो भाबडा ठरला, तरी प्रश्न योग्य होता.

१९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी तज्ज्ञांची परिषद भरवली. बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार, ही शस्त्रक्रियेची मर्यादा तेथे ठरली. बीएमआय म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. परिषदेने गॅस्ट्रोप्लास्टी आणि गॅस्ट्रिक बायपास या दोनच शस्त्रक्रियांना मान्यता दिली. निर्णय एकट्या शल्यचिकित्सकाचा नसावा, आहार आणि मानसोपचार जाणणारेही सोबत असावेत, आणि रुग्णाला सर्व बाजू कळलेल्या असाव्यात, हा आग्रहही तिचाच.

हे सर्व पाश्चात्त्य शरीरांवर बेतलेले होते. २००४ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा ज्याला सडपातळ म्हणतो त्या भारतीयाच्या पोटात चरबी दडलेली असू शकते, हे त्या एका पानाने जगाला दाखवले. आशियाई रुग्णांसाठी शस्त्रक्रियेच्या मर्यादा खाली आणण्यामागे असेच निरीक्षण आहे. भारतात दीर्घकाळ ३७.५ आणि ३२.५ हे आकडे वापरले गेले.

नव्वदच्या दशकात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि निवडीची तुला पुन्हा हलली. बेल्जियममध्ये मितिकू बेलाचेव यांनी १९९३ साली जठराभोवती सिलिकॉनची पट्टी दुर्बिणीतून बसवली. त्वचेखालच्या छोट्या डबीत सुईने द्रव भरून ती घट्ट वा सैल करता येत असे. काहीही कापायचे नाही, काहीही जोडायचे नाही, आणि नको झाल्यास पट्टी काढून टाकायची. २००१ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. ज्याला शरीर कायमचे बदलण्याची भीती वाटते, त्याला यापेक्षा समजूतदार निवड कोणती वाटणार?

पण बाहेरची वस्तू शरीरात स्वस्थ बसत नाही. पट्टी सरके, जठराच्या भिंतीत रुते, वरचा कप्पा फुगे. ब्रुसेल्समधील एका रुग्णालयाने २०११ मध्ये बारा वर्षांहून अधिक काळाचा पाठपुरावा प्रसिद्ध केला, तेव्हा जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या पट्ट्या काढाव्या लागल्याचे दिसले. काढता येणे हा जिचा गुण होता, तिच्यात काढावे लागणे हाच दोष ठरला.

दरम्यान मूळ गृहीतकच कोसळले होते. नॉर्थ कॅरोलायनातील वॉल्टर पोरीज आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली नोंदवले की बायपास झालेल्या बहुसंख्य मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा पूर्वपदाला येते, आणि तीही काही दिवसांतच, वजन फारसे उतरण्याआधी. निबंधाच्या शीर्षकातही लेखकांनी आपले आश्चर्य लपवलेले नाही. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी जठराच्या वरच्या भागातून स्रवणारे ‘घ्रेलिन’ हे भूक वाढवणारे संप्रेरक शोधले. बायपासनंतर आतड्यातील ‘जीएलपी-१’ हे तृप्तीचे संप्रेरक जेवणानंतर कितीतरी अधिक स्रवते, हेही पुढे स्पष्ट झाले. म्हणजे शल्यचिकित्सक चाळीस वर्षे नळ अरुंद किंवा आखूड करीत होते असे समजत होते, आणि प्रत्यक्षात ते मेंदूला जाणारे निरोप बदलत होते.

आज सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया तर योगायोगाने हाती आली. इटलीतील जेनोआ येथे निकोला स्कोपिनारो यांनी सत्तरच्या दशकात आतड्याची वाट सुरक्षितपणे आखूड करण्याची नवी पद्धत आणली होती. तिच्याच ‘ड्युओडेनल स्विच’ या पुढच्या रूपात जठराचा डावा फुगीर भाग कापून सदऱ्याच्या बाहीसारखी नळी उरवली जाई. अतिस्थूल रुग्णांना एवढी मोठी शस्त्रक्रिया एका दमात झेपत नसे. म्हणून न्यूयॉर्कमध्ये मिशेल गान्ये यांच्या चमूने २००० च्या सुमारास ती दोन टप्प्यांत केली. आधी बाही, वजन उतरल्यावर आतडे. अनेक रुग्णांचे वजन पहिल्याच टप्प्यात इतके उतरले की दुसऱ्याची गरज उरली नाही. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टोमी’ अशी स्वतंत्र झाली.

स्लीव्हमध्ये सुमारे तीन चतुर्थांश जठर कायमचे जाते, आणि ते परत जोडता येत नाही. तरीही आतड्याला हात लागत नाही, तंत्र सोपे आहे आणि घ्रेलिन स्रवणारा भागही जातो. २०१३ च्या सुमारास अमेरिकेत तिने बायपासला मागे टाकले. भारतात तिच्यासोबत ‘मिनी गॅस्ट्रिक बायपास’ही रुजला. १९९७ साली रॉबर्ट रटलेज यांनी आणलेल्या या पद्धतीत आतड्याचा वळसा एकाच जागी जठराच्या लांबट कप्प्याला जोडतात. मेसन यांच्या १९६७ च्या आकृतीशेजारी ती ठेवली तर कूळ ओळखायला वेळ लागत नाही. पित्त वर चढण्याचा जुना वादही तिच्यासोबत परत आला आहे.

मग स्लीव्ह की बायपास? फिनलंडमध्ये २००८ ते २०१० या काळात २४० रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटून हा प्रश्न विचारला गेला. दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. वजन बायपासनंतर अधिक उतरलेले राहिले. मधुमेहाच्या बाबतीत ठोस फरक आढळला नाही. अन्ननलिकेचा दाह मात्र स्लीव्हच्या गटात ३१ टक्के रुग्णांत आढळला, बायपासच्या गटात ७ टक्के. ज्याला आधीच छातीत जळजळ होते त्याला आज बहुधा बायपास सुचवला जातो, तो अशाच आकड्यांमुळे. दीर्घकाळ वेदनाशामक गोळ्या घ्याव्या लागणाऱ्याला, किंवा आतड्याचा आजार असणाऱ्याला, स्लीव्ह सोयीची ठरते. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या दोन्हीकडे जन्मभर.

मेसन यांनी ऐंशीच्या दशकात अशा रुग्णांची एक नोंदवही सुरू केली होती. शस्त्रक्रियेनंतर माणसाचे काय होते, हे वर्षानुवर्षे लिहून ठेवावे, असा त्यांचा हट्ट होता. शंभर वर्षांचे होऊन डिसेंबर २०२० मध्ये ते वारले. फिनलंडचे दहा वर्षांचे आकडे तेव्हा यायचे होते, आणि स्लीव्ह जगातील सर्वाधिक होणारी स्थूलताविरोधी शस्त्रक्रिया होऊन काही वर्षे उलटली होती.