कूटचा ड्रम की कॅम्पातला ड्रम?



बेळगाव, खानापूर, चंदगड भागातल्या बऱ्याच घरांत माळ्यावर पलटणीची एखादी तरी वस्तू सापडते. कुणाकडं ट्रंक, कुणाकडं पदकं, कुणाकडं नुसता पट्टा. आमच्याकडं साइड ड्रम आहे. पितळी खोड, वरखाली लाकडी कडी, दोन्ही कडी दोरीनं आवळलेली. तीन पिढ्या घरात एकच गोष्ट चालत आली, "पणजोबांनी हा कूटच्या लढाईतनं आणला."

यंदा मंडळाच्या पोरांनी तो मिरवणुकीसाठी मागितला. "प्लास्टिकचं पान घालू, भगवा कलर मारू, झालं काम." देण्याआधी म्हटलं, हा आहे तरी काय ते एकदा नीट बघू.

आधी कूटचं. मेसोपोटेमियात टायग्रिसकाठच्या या गावाला तुर्कांनी डिसेंबर १९१५ मध्ये वेढा घातला. आत सहावी पुणे डिव्हिजन होती, आणि तीत आपल्या १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी. १४७ दिवस ते लोक उपाशी लढले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. त्याआधी तोफा मुद्दाम फोडून टाकल्या, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली, आणि उन्हातनं, वाळवंटातनं चालवत नेताना वाटेत किती तरी मेली. पणजोबा ११० मध्ये होते, घरच्या कागदात तशी नोंद आहे. आता सांगा, त्या वाटेनं गेलेला माणूस गळ्यात ड्रम अडकवून घरी कसा येईल?

उरलेलं ड्रमनंच सांगितलं. पितळेवर काळ्या थराखाली शिक्का होता. ओल्या मऊ फडक्यानं पुसल्यावर अक्षरं लागली, बूझी अँड हॉक्स. लंडनच्या या मुळात दोन वेगळ्या कंपन्या, बूझी आणि हॉक्स. त्या एक झाल्या १९३० साली. म्हणजे जोडनावाचा शिक्का असलेला ड्रम त्याआधीचा असूच शकत नाही. शेजारी छोटा बाणही कोरलेला आहे. ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण. वस्तू लष्कराची खरी, खरं कूटची नव्हे.

हे आत्तीला सांगणं जड गेलं. ती नव्वदीची. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आमच्या आज्जाचं काय राहिलं रे घरात?" मला उत्तर सुचलं नाही. दोन दिवसांनी तिनंच बोलावलं. "आप्पानी कॅम्पातनं लिलावात काय तरी आणलेलं बग, तालमीच्या पोरांसाठी. मी बारकी होते." हे जुळतं. १९२२ च्या फेररचनेत जुन्या ११४ मराठा पलटणीची प्रशिक्षण पलटण झाली, ती बेळगावात. तेव्हापासून मराठा लाइट इन्फंट्रीचं घर इथंच. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराचा जादा माल विक्रीला निघाला. आजोबांनी ड्रम घेतला तो त्यातनंच.

आता दुरुस्तीचं. पोरांना पहिली गोष्ट सांगितली, चिंच आणि पावडर लावून घासायचं नाही. पितळ चमकेल, खरं शिक्का झिजेल, आणि वय सांगणारी खूणच जाईल. कड्यांवरचा जुना रंगही खरवडला नाही.

दुसरी गोष्ट, खोडाच्या खालच्या काठाला समोरासमोर दोन जागी किंचित खोलगट भाग असतो. एका भांडीवाल्यानं तो पोचा समजून ठोकायला हातोडी उचललेली! तो पोचा नव्हे. खालच्या पानावरनं तातीच्या तारा जातात, त्या पानाला नीट टेकाव्यात म्हणून केलेला उतार तो. सपाट केला तर तारा अधांतरी राहतात आणि ड्रमचा तो करकरीत आवाज जातो.

पान मात्र नवंच लागलं. प्लास्टिकची पानं बाजारात आली १९५७ च्या सुमारास. त्याआधीच्या ड्रमला चामडंच शोभतं. आमच्या भागात ढोलकी मढवणाऱ्या कारागिरानं बकऱ्याचं कातडं थंड पाण्यात भिजवलं, ओलं असतानाच आतल्या कड्यावर दुमडून घेतलं. वरचं जाड, खालचं पातळ. हलका ताण देऊन सावलीत वाळवलं. उन्हात ठेवलं असतं तर आखडून फाटलं असतं. मग दोरी ओवली, चामड्याच्या पट्ट्या खाली ओढल्या तसा सूर चढत गेला. वाजवून झालं की त्या पट्ट्या सैल करायच्या, हा नियम. बेळगावच्या पावसात पान ढिलं पडतं, म्हणून लोक आवळून ठेवतात. मग पाऊस उघडला की कोरड्या हवेत ते ताणून फुटतं.

मिरवणुकीत ड्रम वाजला. आत्तीनं दारातनं ऐकला.

खोडाला आता एक चिठ्ठी बांधली आहे. "१९३० नंतरचा लष्करी ड्रम, आजोबांनी तालमीसाठी लिलावात घेतला." पणजोबांची चिठ्ठी वेगळी लिहून देवघराशेजारी लावली. "११० मराठा. कूट, १९१६. कैदेतून जिवंत परत आले." आत्तीनं ती मोठ्यानं वाचायला लावली आणि म्हणाली, "आज्जा हात हलवत आला म्हणायची आई. तेच खरं व्हय मग."

तुमच्या माळ्यावर असं काही असेल, तर घासायच्या आधी शिक्का वाचा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दोनदा विचारा.