मुलांसाठी पुस्तक निवडताना : एक गोष्टीचे, एक माहितीचे

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या आपल्या बऱ्याच घरांत मूल दखनी बोलते, मकतबमध्ये अरबी कायदा शिकते आणि शाळेत मराठी किंवा उर्दू वाचते. नाजरा वाचणारे मूल अक्षर ओळखून आवाज बरोबर काढते, म्हणून आपल्याला वाटते की वाचन आले. पण शाळेच्या पुस्तकात वाचलेले समजायलाही हवे. अडते ते तिथे.

समजणे हे आधीच्या माहितीवर बरेच अवलंबून असते. 1988 मध्ये अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या दोन संशोधकांनी सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉल सामन्याचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुले, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी हळद धरा. वसमतकडच्या मुलाने हळद शिजवताना, वाळवताना, पॉलिश करताना पाहिलेली असते. हळदीवरचा मजकूर त्याला जड जाणार नाही. म्हणून माहितीचे पहिले पुस्तक ओळखीच्या विषयाचे घ्या. शेळी, विहीर, पाऊस, एसटी, काहीही. असे पुस्तक मधूनच उघडले तरी चालते. चित्राखालच्या ओळी आणि अनुक्रमणिका वाचायची सवय मात्र लावा.

गोष्टीचे तसे नाही, ती पहिल्या पानापासूनच वाचावी लागते. मध्ये थांबून ‘आता काय होईल?’ एवढेच विचारा. शेवटी तात्पर्य छापलेल्या पुस्तकांचा ढीग घरात नको, असे आमचे मत. मूल तात्पर्य पाठ करते आणि गोष्ट विसरते.

पुस्तक झेपते का ते पाहायला कुठलेही एक पान वाचायला द्या. शब्द अडला की एक बोट दुमडायचे. पाचही दुमडली तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचे.

खर्चाचा प्रश्न आहेच. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते, त्यात गोष्टीही असतात आणि माहितीही. ‘स्टोरीवीव्हर’वर प्रथम बुक्सची मराठी आणि उर्दू पुस्तके मोबाइलवर फुकट वाचता येतात, तीही सोप्यापासून अवघडापर्यंत चार पातळ्यांत लावलेली.

अम्मीला मराठी वाचता येत नसेल तरी अडत नाही. मुलाने मराठीत वाचावे आणि दखनीत सांगावे. सांगता आले नाही तर तेच पान उद्या पुन्हा.